आचार्य प्रफुल्लचंद्र राय : निरीक्षण, अनुमान आणि पहिल्या वर्षाचा वर्ग

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगवहीत प्रथम तीन रकाने आखावयास शिकवितात : कृती, निरीक्षण आणि अनुमान. हे तीन शब्द इतके परिचयाचे झाले आहेत की त्यांच्यामागे ज्ञानसाधनेची एक संपूर्ण शिस्त उभी आहे, याचे स्मरण सहसा कोणास राहत नाही. पुष्कळदा असे घडते की तिसरा रकाना पुस्तकावरून आधी भरला जातो आणि त्याला अनुकूल असे निरीक्षण दुसऱ्या रकान्यात मागाहून लिहिले जाते. उत्तर बरोबर येते, गुणही मिळतात. परंतु विद्यार्थी जे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत आलेला असतो ते न पाहताच बाहेर पडतो. आधुनिक रसायनशास्त्राचे अध्ययन आणि संशोधन ज्यांनी भारतात रुजविले त्या आचार्य प्रफुल्लचंद्र रायांनी आपले आयुष्य या तीन रकान्यांचा क्रम उलटू न देण्यासाठी वेचले. प्रयोगशाळेतील पात्र असो, बाजारातील तूप असो अथवा प्राचीन ग्रंथाची पोथी असो, या क्रमाचा आग्रह त्यांनी कोठेही सोडला नाही. त्यांचे मोठेपण समजून घ्यावयाचे तर ते येथूनच समजून घेतले पाहिजे.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी तत्कालीन जेसोर जिल्ह्यातील राडुली या गावी झाला. हे गाव पुढे खुलना जिल्ह्यात गेले आणि आज ते बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र राय हे जमीनदार असले तरी फारसीचे जाणकार, इंग्रजी वाङ्मयाचे प्रेमी आणि सुधारणावादी विचारांचे गृहस्थ होते. मुलांच्या शिक्षणासाठी १८७० च्या सुमारास ते सहकुटुंब कलकत्त्यास राहावयास आले आणि प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये शिकू लागले. तेथे शिक्षण सुरळीत चालले असते तर ते कदाचित इतरांसारखेच एक परीक्षार्थी झाले असते. परंतु १८७४ मध्ये त्यांना आमांशाचा असा तीव्र विकार जडला की शाळा सोडून घरी बसणे भाग पडले. प्रकृती त्या वेळी जी ढासळली ती जन्मभर पूर्णपणे सावरली नाही. आहारविहाराचे कडक नियम त्यांना अखेरपर्यंत पाळावे लागले.

या सक्तीच्या विश्रांतीचा एक अनपेक्षित लाभ झाला. वडिलांच्या ग्रंथसंग्रहात हा मुलगा मनमुराद वाचू लागला. इतिहास, चरित्रे, इंग्रजी काव्य आणि नाटके त्याने वाचून काढली. लॅटिनचा अभ्यास स्वतःच्या बळावर आरंभिला. न्यूटन, गॅलिलिओ, फ्रँक्लिन यांच्या चरित्रांनी त्याच्या मनाची पकड घेतली. कोणी नेमून दिल्यावाचून वाचण्याची ही सवय पुढे त्यांच्या अध्यापनाचाच पाया ठरली. साहित्याची ओढ तर त्यांना कधीच सुटली नाही. सत्तरी उलटल्यानंतरही त्यांनी शेक्सपिअरवर दीर्घ लेखमाला लिहिली. रसायनशास्त्राकडे आपण जवळजवळ चुकून वळलो, असे या माणसाला वाटत असे, यात नवल नाही.

हा वळणबिंदू आला तो मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकत असताना. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या या संस्थेत विज्ञानशिक्षणाची सोय नव्हती, म्हणून तेथील विद्यार्थी प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये जाऊन अलेक्झांडर पेडलर यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ऐकत. पेडलर प्रयोग करून दाखविण्यात अत्यंत निष्णात होते. फळ्यावरील समीकरणापेक्षा मेजावरील प्रयोगाने प्रफुल्लचंद्रांना अधिक मोहिनी घातली. वर्गात जे पाहिले ते स्वतःच्या हाताने घडवून पाहावे म्हणून त्यांनी एका सहाध्यायाच्या बिऱ्हाडी छोटीशी प्रयोगशाळा थाटली. ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या मिश्रणाची ज्योत पेटविण्यासाठी त्यांनी तेथे एक ओबडधोबड उपकरण तयार केले आणि त्याचा स्फोट झाला. कोणास इजा झाली नाही हे सुदैव. उपकरणात हवेचा अंश राहिला तर काय होते, हे पुस्तकात छापलेले असतेच. ते कानठळ्या बसविणाऱ्या आवाजातून कळणे ही निराळी गोष्ट होय.

१८८२ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत मुंबईच्या एका पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांची निवड झाली आणि ते एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले. तेथे अलेक्झांडर क्रम ब्राउन हे त्यांचे गुरू झाले. १८८७ मध्ये तांबे व मॅग्नेशियम गटातील संयुक्त सल्फेटांवरील प्रबंधाला डी. एस्सी. ही पदवी मिळाली. मधल्या काळात विद्यापीठाने जाहीर केलेल्या निबंधस्पर्धेसाठी १८५७ च्या पूर्वीचा आणि नंतरचा भारत या विषयावर त्यांनी लिहिलेल्या निबंधात ब्रिटिश राजवटीवर परखड टीका होती. त्या निबंधाला पारितोषिक मिळाले नाही. पण तो छापला गेला आणि वाचला गेला. परराज्याविषयीचे मत असो की सल्फेटांचे पृथक्करण, जे दिसले ते आडपडदा न ठेवता मांडावयाचे, हा त्यांचा स्वभाव या वयातच स्पष्ट झाला होता.

१८८८ मध्ये ते स्वदेशी परतले. हाती डॉक्टरेट होती, पण वर्षभर नोकरी मिळाली नाही. त्या काळी शिक्षणखात्याच्या वरिष्ठ श्रेणीत भारतीयांना प्रवेश मिळणे अत्यंत दुर्घट होते. अखेर १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर साहाय्यक प्राध्यापकाची तात्पुरती जागा त्यांना मिळाली. तेवढीच पात्रता असलेल्या युरोपीय अध्यापकाचे वेतन याहून कितीतरी अधिक असे. हा अन्याय त्यांना जन्मभर सलत राहिला. पण वर्गात त्याची सावली त्यांनी पडू दिली नाही.

वर्गाविषयी त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी आपली कीर्ती सर्वत्र झाल्यावरही मोडला नाही. वरच्या वर्गांचे अध्यापन इतरांवर सोपवावे लागले तरी चालेल, पहिल्या वर्षाचा वर्ग मात्र ते स्वतःकडे घेत. शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलांच्या मनावर पाठांतराचे थर चढलेले असले तरी ते अद्याप घट्ट झालेले नसतात. पुढे दोनतीन वर्षांनी या मनाला निराळी सवय लावणे अवघड जाते, असा त्यांचा अनुभव होता. विशिष्ट क्रमिक पुस्तक हाती धरून ते शिकवीत नसत. प्रयोग आधी होई आणि विवेचन मागाहून येई. गरज पडेल तेथे बंगालीचा आश्रय ते मोकळेपणाने घेत.

या वर्गातील एक प्रात्यक्षिक विशेष प्रसिद्ध आहे. हाडे जाळून राहिलेली पांढरी राख ते विद्यार्थ्यांसमोर ठेवीत. हाड हा शब्द उच्चारताच जातिवंत घरांतील मुलांच्या मनात विटाळाची जी भावना जागी होई, ती त्यांना ठाऊक होती. मग ते त्या राखेची चिमूट सर्वांदेखत तोंडात टाकीत आणि विद्यार्थ्यांनाही तसे करण्यास सुचवीत. जळून गेल्यावर उरले ते कॅल्शियम फॉस्फेट. प्राण्याच्या शरीराचा म्हणून जो अंश होता तो अग्नीने नाहीसा केला. समोर दिसत होती ती एक पांढरी, चवहीन भुकटी. अपवित्रता त्या भुकटीत नव्हती, पाहणाऱ्याने ती आपल्या मनातून आणून तिच्यावर ठेवली होती. डोळ्यांनी जे पाहिले आणि मनाने जे त्यात मिसळले, या दोहोंतील अंतर इतक्या थोडक्यात आणि इतक्या धीटपणे क्वचितच कोणी शिकविले असेल.

हाडांशी त्यांचा संबंध वर्गापुरता नव्हता. पदवीधर तरुणांनी केवळ कारकुनीच्या मागे लागू नये, देशातील कच्च्या मालातून देशातच औषधे व रसायने तयार व्हावीत, या हेतूने १८९२ मध्ये त्यांनी ९१, अपर सर्क्युलर रोड येथील आपल्या भाड्याच्या घरात बेंगॉल केमिकलचा आरंभ केला. फॉस्फेटे तयार करण्यासाठी खाटिकांकडून आणलेली कच्ची हाडे घराच्या गच्चीवर वाळत घातली असता अवकाळी पाऊस आला. मांसाचे अवशेष कुजू लागले, कावळ्यांचे थवे जमले आणि शेजारीपाजारी संतापले. दुर्गंधीचा हा धडाही उद्योगाच्या शिक्षणाचा भागच ठरला. या कामाची त्यांना याहून फार मोठी किंमतही द्यावी लागली. त्यांचा एक तरुण सहकारी प्रयोगशाळेतील प्रुसिक आम्लाच्या अपघाती विषबाधेने मृत्यू पावला. तरीही कार्य थांबले नाही. १९०१ मध्ये त्याचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले आणि भारतीय औषधनिर्मितीच्या इतिहासात या संस्थेला अग्रस्थान मिळाले.

याच सुमारास त्यांनी हाती घेतलेले एक संशोधन दिसावयास अगदी घरगुती होते. कलकत्त्याच्या बाजारातील तूप आणि मोहरीचे तेल यांत भेसळ होते, हे सर्वांस माहीत होते. परंतु भेसळ आहे असे सिद्ध कसे करावयाचे? त्यासाठी शुद्ध तूप कसे असते हे आधी ठाऊक पाहिजे, आणि युरोपातील लोण्याचे आकडे येथे लागू पडतीलच असे नाही, कारण येथील गाई निराळ्या, त्यांचा चारा निराळा आणि म्हशीच्या दुधाचा तर तेथे प्रश्नच नाही. प्रफुल्लचंद्रांनी आपल्या देखरेखीखाली गाईम्हशींचे दूध काढविले, त्याचे लोणी करून तूप कढविले, मोहरी आणून तिचे तेल गाळून घेतले आणि या खात्रीच्या नमुन्यांची परीक्षा करून मगच बाजारातील मालाकडे ते वळले. सुमारे तीन वर्षे चाललेल्या या श्रमांचे फळ १८९४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या कामाचा अर्थ मोठा आहे. ज्याच्याशी तुलना करावयाची ते प्रमाणच संशयास्पद असेल, तर निरीक्षण कितीही अचूक असून त्यावरून निघणारे अनुमान पोकळ ठरते.

त्यानंतर आली ती घटना, जिच्यामुळे त्यांचे नाव रसायनशास्त्राच्या इतिहासात नोंदले गेले. मेंडेलेयेव्हच्या आवर्तसारणीत काही जागा तेव्हा रिकाम्या होत्या आणि त्या भरून काढणारी मूलद्रव्ये भारतातील दुर्मिळ खनिजांत सापडतील काय, या शोधात ते गुंतले होते. १८९५ मध्ये कॅलोमेल तयार करण्याची पूर्वतयारी म्हणून त्यांना मर्क्युरस नायट्रेट मोठ्या प्रमाणावर हवे होते. त्यासाठी त्यांनी पाऱ्यावर विरल नायट्रिक आम्ल ओतून ते तापविल्याशिवाय तसेच राहू दिले. काही वेळाने पाऱ्याच्या पृष्ठभागावर पिवळ्या स्फटिकांचा थर धरलेला त्यांना आढळला.

अशा प्रसंगी अभ्यस्त रसायनज्ञाच्या मनात उत्तर आपोआप उमटते. मर्क्युरस नायट्रेटवर पाण्याची क्रिया होऊन त्यातील आम्लाचा अंश घटला म्हणजे पिवळ्या रंगाचे क्षारकीय लवण तयार होते, हे सर्वज्ञात होते. प्रफुल्लचंद्रांच्या मनातही प्रथम हेच आले. पिवळा रंग जुळत होता, पारा होता, नायट्रिक आम्ल होते. तेवढ्यावर थांबून स्फटिक फेकून दिले असते तर त्यांना दोष देण्यास कोणी आले नसते. शिवाय ते शोधीत होते ते काही वेगळेच. हे स्फटिक त्यांच्या वाटेत आलेली एक अडचण होती. पण एक गोष्ट जुळत नव्हती. क्षारकीय लवण आम्लाच्या अभावी तयार होते, आणि येथे तर स्फटिक भरपूर आम्लात बुडालेले होते. रंग एक सांगत होता, परिस्थिती दुसरे सांगत होती. त्यांनी स्फटिक वेगळे करून तपासले. प्राथमिक परीक्षेतच दोन गोष्टी निष्पन्न झाल्या : हे मर्क्युरस लवण आहे आणि ते नायट्राइट आहे. आम्लाच्या सान्निध्यात नायट्राइटे सहसा टिकत नाहीत, आणि मर्क्युरस संयुगेही मोडण्याकडे झुकणारी असतात. दोन अस्थिर घटकांच्या संयोगाने बनलेला हा पदार्थ पूर्वी कोणी शुद्ध स्वरूपात वर्णिलेला नव्हता. १८९६ मध्ये मर्क्युरस नायट्राइटवरील त्यांचा लेख एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला.

या शोधाचे वर्णन करताना योगायोग हा शब्द सहज वापरला जातो. स्फटिक तयार होणे हा योगायोग खराच. पाऱ्यावर विरल आम्ल ओतणारे प्रफुल्लचंद्र काही पहिलेच नव्हते. पण स्वतःच्या पहिल्या अनुमानाशी जी एक वस्तुस्थिती विसंगत होती, तिला त्यांनी गौण मानले नाही, यात योगायोग कोणताही नाही. प्रयोगवहीच्या भाषेत सांगावयाचे तर तिसऱ्या रकान्यात लिहिलेले त्यांनी खोडले आणि ते पुन्हा दुसऱ्या रकान्याकडे परत गेले. खनिजांतील अज्ञात मूलद्रव्यांचा शोध बाजूला पडला आणि नायट्राइटांचा अभ्यास हा त्यांच्या आयुष्याचा प्रमुख विषय झाला. अमोनियम नायट्राइट तापविताच त्याचे नायट्रोजन आणि पाणी यांत विघटन होते, अशी समजूत होती. निर्वात अवस्थेत काळजीपूर्वक तापविल्यास ते न मोडता बाष्परूप घेऊ शकते, हे दाखवून त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याची बाष्पघनता मोजली. १९१२ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत हे संशोधन त्यांनी मांडले, तेव्हा सर विल्यम रॅम्झी यांच्यासारखे शास्त्रज्ञ श्रोत्यांत होते.

पाऱ्याने त्यांना आणखी एका वाटेने नेले. पारद हे भारतीय रसशास्त्राचे अधिष्ठान. रसेंद्रसारसंग्रह या ग्रंथासंबंधी प्रफुल्लचंद्रांनी पॅरिसचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ आणि किमयेचे इतिहासकार बेर्तलो यांना एक टिपण पाठविले. बेर्तलो यांनी १८९८ मध्ये त्यावर एक विस्तृत लेख लिहिला. हा मोठा सन्मान होता, आणि एखाद्याने त्यावर समाधान मानले असते. परंतु प्रफुल्लचंद्र अधिक खोलात शिरले तेव्हा त्यांना दिसून आले की हा ग्रंथ मूळ आधारग्रंथ नसून उत्तरकालीन संकलन आहे. त्यावरून प्राचीन भारतीय रसायनाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. तुपाच्या वेळी पडलेलाच प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला : नमुना खात्रीचा आहे काय? मग काशी, काश्मीर, दक्षिण भारत अशा ठिकठिकाणांहून पोथ्या मिळविणे, पाठभेद तपासणे, कालनिर्णय करणे असा उद्योग त्यांनी अनेक वर्षे केला. दिवसा प्रयोगशाळा आणि उरलेल्या वेळात पोथ्या, असा हा क्रम होता. हिंदू रसायनशास्त्राच्या त्यांच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये आणि दुसरा १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या इतिहासात त्यांना सर्वाधिक आनंद झाला असेल तो प्राचीनांच्या निरीक्षणाचे पुरावे पाहून. रसार्णवात निरनिराळ्या धातूंमुळे ज्योतीला येणारे निरनिराळे रंग वर्णिले आहेत. तांब्याची ज्योत निळी असल्याचे त्यात नमूद आहे. रसरत्नसमुच्चयात रसक नामक खनिजापासून जस्त काढण्याची कृती सांगितली आहे आणि मुशीतून निघणारी ज्वाला निळी असते ती पांढरी होईपर्यंत तापवावे, अशी खूण दिली आहे. आजचे रसायन सांगते की निळी ज्वाला कार्बन मोनॉक्साइडची आणि पांढरी ज्वाला जस्ताच्या जळणाऱ्या वाफेची. त्या रसवैद्याजवळ ही नावे नव्हती. पण भट्टीपाशी बसून ज्याने रंग पालटताना पाहिला आणि धातू सुटल्याचे अनुमान केले, त्याच्या विज्ञानवृत्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. रसेंद्रचिंतामणीच्या कर्त्याने तर जे केवळ ऐकले वा ग्रंथांत वाचले पण स्वतः करून पाहिले नाही ते लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा केली आहे. जो करून दाखवू शकतो तोच गुरू आणि जो गुरूसमोर ते करून दाखवितो तोच शिष्य, एरवी दोघेही नट होत, असा त्याचा आशय आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात प्रफुल्लचंद्र जे करू पाहत होते त्याला इतके जुने आणि इतके स्वदेशी समर्थन मिळावे, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने थोर होती.

मग ही परंपरा खंडित का झाली? हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. त्यांच्या मते जातिव्यवस्थेने हात आणि बुद्धी यांची फारकत केली. धातू वितळविणारा, कापड रंगविणारा, कातडे कमावणारा कारागीर रोज कृती करीत होता आणि पाहतही होता, पण कार्यकारणांचा विचार करण्याचे साधन त्याला नाकारले गेले. विचार करणारा वर्ग हाताला काळे लावून घेण्यास कमीपणा मानू लागला. सुश्रुताने शवविच्छेदनाचा आग्रह धरला होता. पुढे प्रेताच्या स्पर्शालाच विटाळ मानला गेल्याने शरीराचे ज्ञान पोथीत अडकले. दृश्य जग मिथ्या मानणाऱ्या वेदान्ताच्या प्रभावालाही त्यांनी या ऱ्हासाचे एक कारण मानले. कृती एका जातीकडे आणि अनुमान दुसऱ्या जातीकडे गेले, आणि मधला निरीक्षणाचा रकाना रिकामा राहिला, असा या मीमांसेचा थोडक्यात अर्थ होईल.

प्रफुल्लचंद्रांनी ठरविलेले अनेक ग्रंथांचे काळ नंतरच्या संशोधकांनी बदलले आहेत. एवढ्या प्रदीर्घ ऱ्हासाला त्यांनी दिलेली कारणे पुरेशी नाहीत असेही काहींना वाटते, आणि वेदान्तावरील त्यांचा आक्षेप सर्वांना मान्य होण्यासारखा नाही. परंतु पूर्वजांच्या गौरवाची भूक सगळीकडे वाढलेली असताना त्यांनी गौरवाबरोबर दोषही तितक्याच स्पष्टपणे लिहिला, हे ध्यानी घ्यावयास हवे. स्वदेशाविषयीच्या प्रेमालाही पुराव्याच्या कसोटीतून सवलत मिळू नये, ही त्यांची भूमिका होती.

महाराष्ट्राशी त्यांचा जो संबंध आला तो प्रामुख्याने गोपाळ कृष्ण गोखले यांच्या द्वारे. कौन्सिलच्या कामासाठी गोखले कलकत्त्यास राहत तेव्हा दोघांचा निकट स्नेह जुळला. १९०१-०२ मध्ये गांधीजी गोखल्यांकडे उतरले असता त्यांची प्रफुल्लचंद्रांशी ओळख झाली. वेतनातील अगदी थोडा भाग स्वतःसाठी ठेवून बाकीचा लोककार्यासाठी देणारा हा अविवाहित प्राध्यापक गांधीजींच्या स्मरणात कायमचा राहिला. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या प्रश्नावर गांधीजींचे कलकत्त्यात जे व्याख्यान झाले, त्यामागे प्रफुल्लचंद्रांचा पुढाकार होता. पुढे जानेवारी १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते आणि तेथे आधुनिक भारतातील विज्ञानाच्या उदयाविषयी ते बोलले.

तो उदय बव्हंशी त्यांच्याच वर्गातून झाला होता. १९०९ च्या सुमारास प्रेसिडेन्सी कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यांत ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, पुलिनबिहारी सरकार आणि सत्येंद्रनाथ बोस होते. मेघनाद साहा मागाहून त्यांना येऊन मिळाले. नीलरतन धर त्यांच्या आधीचे. यांतील बोस आणि साहा भौतिकीकडे वळले, घोष, मुखर्जी आणि धर यांनी भौतिक रसायनात नाव मिळविले. गुरूच्याच विषयात शिष्याने राहिले पाहिजे, असा आग्रह प्रफुल्लचंद्रांनी धरला नाही. विद्यार्थ्यांना ते रसायनशास्त्राच्या निर्मात्यांची चरित्रे सांगत. १९२५ मध्ये या विषयावर त्यांनी ग्रंथही लिहिला. या इतिहासकथनाचे शैक्षणिक मूल्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १७७४ मध्ये प्रीस्टलीने पाऱ्याचे तांबडे भस्म तापवून एक वायू मिळविला आणि त्यात मेणबत्ती अधिक तेजाने जळते हे पाहिले. निरीक्षण निर्दोष होते, परंतु फ्लोजिस्टनच्या सिद्धान्ताशी बांधलेल्या मनाने त्या वायूला फ्लोजिस्टनरहित हवा ठरविले. लव्हाझियेने तोच वायू तराजूच्या साहाय्याने अभ्यासला आणि ज्वलनाचा सारा सिद्धान्तच पालटला. दोघांनी पाहिले एकच, वाचले निरनिराळे. हे ज्याला उमगले त्या विद्यार्थ्याला पुस्तकातील आजचे अनुमानही उद्या पालटू शकते, याचे भय वाटत नाही.

१९१६ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त होऊन ते कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात रसायनशास्त्राचे पहिले पालित प्राध्यापक झाले. १९१९ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १९२१ मध्ये वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर आपले पुढील वेतन त्यांनी विद्यापीठाच्या रसायनविभागाला अर्पण केले, आणि १९३६ पर्यंत ते शिकवीत राहिले. खुलन्याच्या दुष्काळात आणि १९२२ च्या उत्तर बंगालमधील महापुरात विद्यार्थ्यांची पथके उभारून त्यांनी लोकांना साहाय्य केले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते. सायन्स कॉलेजच्या इमारतीतील एकाच खोलीत, मोजक्या सामानानिशी आणि काही गरीब विद्यार्थ्यांच्या सहवासात त्यांची शेवटची वर्षे गेली. त्याच खोलीत १६ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

मर्क्युरस नायट्राइटची कथा मात्र त्यांच्या मृत्यूने संपली नाही. त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण झाली त्या २०११ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या स्फटिकांची अंतर्रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रसिद्ध केली. ११५ वर्षांपूर्वी साध्या काचपात्रांच्या आणि रासायनिक परीक्षांच्या बळावर काढलेले अनुमान त्यांच्या कल्पनेपलीकडील उपकरणाने पडताळले गेले आणि ते खरे ठरले. ते खोटे ठरले असते तरी पहिल्या वर्षाच्या वर्गात त्यांनी दिलेली शिकवण उणी ठरली नसती, कारण पुनःपरीक्षेचा हक्क हाच तिचा गाभा होता. प्रयोगवहीत तीन रकाने आखणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे जरी ध्यानात ठेवले की तिसरा रकाना भरण्यापूर्वी दुसरा पुन्हा एकदा पाहावयाचा असतो, तरी त्या पिवळ्या स्फटिकांचा वारसा त्याच्यापर्यंत पोचला, असे म्हणता येईल.